‘बहुतेकांना चालेल’ असं मशीन : १९४८ चं मेड्रेस्को आणि आपल्यासाठी तीन प्रश्न



तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना आपल्याला एक सवय लागलेली असते. आधी मोठं यंत्र, मग लहान, मग त्याहून लहान. आधी महाग, मग स्वस्त. आणि शेवटी ‘ते सर्वसामान्यांपर्यंत पोहोचलं’. कानाच्या मशीनचा इतिहासही बहुतेक ठिकाणी असाच सांगितला जातो : कानाला लावायचा कर्णा, मग व्हॉल्व्हचं मशीन, मग ट्रान्झिस्टरचं, मग कानामागचं डिजिटल. हा क्रम बरोबर आहे. पण शेवटचं वाक्य, म्हणजे ‘पोहोचलं’, हे त्या क्रमातून आपोआप निघत नाही.

आज ज्या मशीनबद्दल लिहितोय ते त्याच्या काळातलं सर्वात लहान नव्हतं आणि दिसायला तर अजिबात चांगलं नव्हतं. तरीही पैसे नसलेल्या माणसाच्या कानापर्यंत ते गेलं. त्याचं नाव मेड्रेस्को. ते का गेलं, आणि पुढे कुठे अडकलं, हे समजून घेतलं तर ‘अ‍ॅक्सेस’ हा शब्द सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी आपण दोनदा विचार करू.

आधी काय होतं?

१९३० च्या दशकातलं ब्रिटन. व्हॉल्व्हची विजेवर चालणारी मशीन बाजारात आली होती, पण ती विकत होते खासगी विक्रेते. तपासणी तेच करणार, मशीन तेच सुचवणार, पैसे तेच घेणार. मशीन कानाला बसलं नाही तर दाद मागायची कुठे, हे गिऱ्हाइकाला माहीत नसायचं.

या काळात फिलिस टुकी केरिज ही शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि डॉक्टर लंडनमध्ये काम करत होती. तिने शाळकरी मुलांच्या ऐकण्याची मोजमापं घेतली. रॉयल इअर हॉस्पिटलमध्ये ऐकू कमी येणाऱ्यांसाठी क्लिनिक चालवलं. तिथे माणसाचे कान आधी शांत खोलीत तपासले जायचे आणि मगच मशीनचं बोलणं व्हायचं. तपासणी आणि विक्री वेगळी असावी, हा आज साधा वाटणारा विचार तेव्हा साधा नव्हता. १९४० मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी, ती गेली.

इथे मोजमापाबद्दल थोडं सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. ऐकण्यातली घट आपण डेसिबलमध्ये सांगतो. हे एकक कुठल्या दवाखान्यातून आलेलं नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीच्या इंजिनियरांनी ते तयार केलं, लांबच्या तारेतून जाताना आवाज किती कमी होतो ते मोजायला. ‘बेल’ हे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचं नाव. त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि सहकाऱ्यांनी ऑडिओमीटरवर काम केलं. म्हणजे तारेतला तोटा मोजायची पट्टी माणसाच्या कानाला लावली गेली. ही पट्टी लॉगरिदमिक आहे : १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता १० पट, २० वाढले की १०० पट. म्हणून ‘४० आणि ६० मध्ये फरक तो काय’ असं म्हणून चालत नाही.

युद्ध, आणि एक अवघड प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात स्फोट आणि तोफांच्या आवाजाने ऐकू येणं कमी झालेले सैनिक मोठ्या संख्येने परतले, आणि हा विषय सरकारांच्या टेबलावर आला. ब्रिटनमध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४४ मध्ये इलेक्ट्रो-अकूस्टिक्स समिती नेमली. तिच्यासमोरचा प्रश्न असा होता : प्रत्येक माणसाच्या ऑडिओग्रामप्रमाणे वेगळं मशीन बनवायचं, की एकच डिझाइन बहुतेकांना चालेल?

प्रश्न का अवघड आहे ते बघा. वयोमानाने किंवा आवाजाने जे ऐकणं जातं, त्यात सहसा वरच्या फ्रिक्वेन्सी आधी जातात. ‘आ’, ‘ओ’ ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. म्हणूनच घरातली म्हातारी माणसं म्हणतात, ‘आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत.’ मग साधा तर्क असा, की जिथे जेवढी घट तिथे तेवढीच वाढ द्यावी, चष्म्याच्या नंबरासारखी. पण कान चष्म्यासारखा वागत नाही. घट झालेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, आणि मोठा आवाज मात्र लगेच सहन होत नाही. ऑडिओग्रामचा आरसा करून वाढ दिली तर माणूस मशीन काढून ठेवतो.

अमेरिकेत याच सुमाराला हार्वर्डच्या गटाने निष्कर्ष काढला की बहुतेकांना सर्व फ्रिक्वेन्सींना सारखी, किंवा वरच्या बाजूला थोडा चढ असलेली वाढ पुरते. ब्रिटिश समितीही त्याच दिशेला गेली. तिचा अहवाल १९४७ मध्ये निघाला. दुसरीकडे पेनसिल्वेनियातल्या डेशॉन लष्करी रुग्णालयात रेमंड कारहार्ट वेगळं करत होते. प्रत्येक सैनिकाला निरनिराळी मशीन लावून बघायची, कोणत्या मशीनने शब्द जास्त कळतात ते मोजायचं, आणि काही आठवडे ठेवून ओठांच्या हालचाली वाचण्याचं आणि ऐकण्याचं शिक्षणही द्यायचं. ऑडिओलॉजी हा स्वतंत्र विषय उभा राहिला त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

आता यात बरोबर कोण? मला वाटतं, दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. कारहार्ट विचारत होते, ‘समोरच्या या माणसाला सर्वात चांगलं काय?’ ब्रिटिश समिती विचारत होती, ‘देशातल्या बहुतेकांना पुरेसं काय?’ दोन्ही प्रश्न शास्त्रीय आहेत. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की एकच डिझाइन मोठ्या संख्येने बनवता येतं, सुटे भाग एकसारखे ठेवता येतात, दुरुस्ती कुठेही करता येते. वितरणाचं गणित तिथून सुरू होतं.

५ जुलै १९४८

या दिवशी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि मेड्रेस्को मशीन तिच्यातून मोफत मिळू लागलं. नाव ‘मेडिकल रिसर्च कौन्सिल’वरूनच जुळवलेलं. छातीवर अडकवायची पेटी, वेगळा बॅटरीचा डबा, मधून जाणारी वायर, आणि कानात इअरपीस. कुणाच्याही लक्षात येईल असंच ते दिसायचं.

पण खरी गोष्ट पेटीत नव्हती. मशीनबरोबर बॅटऱ्या मोफत होत्या, दुरुस्ती मोफत होती आणि मशीन हॉस्पिटलच्या क्लिनिकमधून, तपासणी करून मिळत होतं. केरिजने एका हॉस्पिटलात जे केलं होतं, ते देशाच्या पातळीवर आलं. मागणी अपेक्षेपेक्षा जास्त निघाली आणि प्रतीक्षा याद्या लागल्या. म्हणजे गरज होतीच, ती फक्त दुकानाच्या दारापर्यंत येत नव्हती.

याच्याशी तुलना करा अमेरिकेची. २९ डिसेंबर १९५२ ला सोनोटोन १०१० हे ट्रान्झिस्टर असलेलं मशीन तिथे बाजारात आलं. ट्रान्झिस्टर वापरणारी ही पहिली व्यापारी वस्तू, रेडिओच्याही आधी! त्यात दोन छोटे व्हॉल्व्ह आणि एक ट्रान्झिस्टर होता. किंमत २२९.५० डॉलर. इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासात हे मोठं पाऊल आहे, यात शंका नाही. इतिहासकार मारा मिल्स यांनी दाखवलंय की सुटे भाग लहान करण्याच्या शर्यतीत ऐकू कमी येणारे लोक आघाडीचे ग्राहक होते. पण पुढे १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर योजना आली, तेव्हा कायद्यानेच कानाचं मशीन तिच्यातून वगळलं. यंत्र पुढे गेलं, पण त्याचे पैसे कोण भरणार हा प्रश्न तिथेच राहिला.

नाण्याची दुसरी बाजू

इथे थांबलो तर ही सरकारी योजनेची आरती होईल. एकच डिझाइन सगळ्यांसाठी ठरवलं की ते बदलणंही अवघड होतं. १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टर आले, मशीन लहान झालं, १९६० च्या दशकात खासगी बाजारात कानामागची मशीन रुळली. सरकारी सेवेतल्या सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या छातीवर मात्र पेटी आणि वायर तशीच. कानामागचं मशीन मोफत मिळायला १९७४ साल उजाडावं लागलं. त्या दबावात ऐकू न येणाऱ्यांचाच आवाज होता. त्यांच्यात जॅक अ‍ॅशली हे खासदार होते. निवडून आल्यावर, १९६७ च्या अखेरीस, कानाच्या ऑपरेशननंतर त्यांचं ऐकणं पूर्ण गेलं आणि तरी ते संसदेत राहिले.

‘दिसायला कसं आहे’ हा प्रश्न समितीच्या अहवालात ध्वनिशास्त्राइतका महत्त्वाचा नव्हता. वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो पहिला होता. शिवाय ‘बहुतेकांना चालेल’ म्हणताना जे ‘बहुतेक’मध्ये बसत नाहीत, ते आपोआप बाहेर राहतात. काहींना तर मशीन हा उपायच नको असतो. जन्मापासून न ऐकणारे अनेक लोक सांकेतिक भाषेत पूर्ण आयुष्य जगतात आणि त्यांच्या मागण्या वेगळ्या असतात.

२००० नंतर इंग्लंडच्या सेवेत डिजिटल मशीन आली तीही नुसती खरेदी करून नाही. कर्मचाऱ्यांचं नवं प्रशिक्षण, संगणकावर मशीन जुळवणं, पुन्हा तपासणी असं सगळं टप्प्याटप्प्याने बदलावं लागलं.

आपल्याकडे

भारतात संस्था उशिरा आल्या पण आल्या. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था १९६५ ची, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ ची. साहित्य वाटपाची केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे. बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये २५ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला.

माझ्या आजोबांना अशाच एका शिबिरात मशीन मिळालं होतं. कानातला साचा नीट बसला नव्हता, त्यामुळे सारखी शिट्टी वाजायची. सेल तालुक्याला मिळायचे नाहीत. कानामागच्या मशीनचा झिंक-एअर सेल स्टिकर काढल्यापासून उतरायला लागतो, मशीन वापरा अथवा ठेवून द्या. दोन महिन्यांत मशीन चष्म्याच्या जुन्या डबीत गेलं. वाटपाच्या नोंदीत मात्र आजोबा ‘लाभार्थी’ आहेत आणि तिथे ते कायम राहतील.

अमेरिकेने २०१७ चा कायदा आणि त्यानंतर १७ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालेल्या नियमाने आणखी एक प्रयोग केलाय. सौम्य ते मध्यम घट जाणवणाऱ्या प्रौढांना तपासणीशिवाय, थेट दुकानातून मशीन घेता येतं. ‘बहुतेकांना चालेल’ ही १९४० च्या दशकातली कल्पना पुन्हा आली आहे, पण या वेळी मागे क्लिनिक नाही. किंमत खाली येईल, हा फायदा आहे. साचा, सेल आणि सवय यांचं काय होईल, हा संशोधनाचा उघडा विषय आहे.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

या इतिहासातून मी तीन प्रश्न घेतलेत. विषय आरोग्याचा नसला तरी उपयोगी पडतील.

एक, रेषा कुठे ओढली आहे? भारतात ऐकू कमी येणारे किती? २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख ७१ हजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजावरून राष्ट्रीय कार्यक्रमात वापरला जाणारा आकडा सुमारे ६ कोटी ३० लाख. फरक बारा पट! दोन्हीतला कुठलाही आकडा ‘खोटा’ नाही. एकात घरी येऊन प्रश्न विचारलाय, दुसरा तपासणीवर आधारलेल्या व्याख्येतून आलाय. त्यात कायद्याची रेषा तिसरी : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असेल तर ‘ऐकू कमी येणारा’, ७० पासून पुढे ‘कर्णबधिर’. ज्याची घट ५५ आहे त्याला नेहमीचं बोलणं नीट कळत नाही, पण कायद्याच्या रकान्यात तो नाही. आकडा लिहिताना व्याख्या शेजारी लिहा, नाहीतर गाइडच्या आधी व्हायवातले परीक्षक पकडतील.

दोन, शेवटी मोजतोय काय? वाटलेली मशीन, की वर्षभराने कानावर असलेली मशीन? पहिली संख्या कार्यालयात तयार मिळते. दुसरीसाठी घरोघरी जावं लागतं, म्हणून ती बहुतेक पेपरांत नसते. रिसर्च गॅप अनेकदा अशाच कंटाळवाण्या जागी सापडते.

तीन, कागद कोणाचे आहेत? समितीचा अहवाल जपून ठेवला जातो, पेटी अंगावर घेऊन फिरणाऱ्या माणसाचं म्हणणं क्वचितच. त्याच्यासाठी तक्रारींची पत्रं, संघटनांची मासिकं, जाहिराती आणि मुलाखती शोधाव्या लागतात. ऐकू कमी येणाऱ्या माणसाची मुलाखत घेणार असाल तर समोरासमोर, उजेडात बसा, प्रश्न लिहून न्या, आणि घरच्यांना त्यांच्या वतीने उत्तरं देऊ देऊ नका.

सुरुवात करायला मोठा निधी लागत नाही. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन एवढंच विचारा : इथे ऑडिओमेट्री होते का, नसेल तर सर्वात जवळ कुठे होते, आणि कानाच्या मशीनचा सेल गावात कोणत्या दुकानात मिळतो? तीन उत्तरं तारखेसह वहीत लिहा. त्यातलं एखादं नक्कीच तुम्हाला पुढच्या प्रश्नाकडे नेईल.