मायटर करवतीची टेकफळी

मायटर करवतीची टेकफळी : विजेवर चालणाऱ्या व कोनात कापणाऱ्या मायटर करवतीच्या मूळ फेन्सला (लाकूड टेकविण्याच्या उभ्या आधारपट्टीला) दर्शनी बाजूने जोडावयाची सरळ, बदलता येणारी फळी. यंत्राची ओतीव धातूची फेन्स बहुधा ठेंगणी असून, पाते दोन्ही अंगांस वळावे म्हणून तिच्या मध्यभागी रुंद फट ठेवलेली असते. त्या फटीपाशी लाकडास पाठीमागून आधार न मिळाल्याने त्याचे तंतू उचकटतात आणि कापून सुटलेला लहान तुकडा कित्येकदा वेगाने भिरकावला जातो. टेकफळी या दोन्ही गोष्टींचा बंदोबस्त करते.

कोनाच्या अचूकतेची निकड ओतकामाच्या लाकडी पॅटर्नमध्ये विशेष जाणवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या मुलखात कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसवली व तेथे लोखंडी नांगरांचा कारखाना चालविला. अशा कारखान्याच्या ओतशाळेत वस्तू ओतण्यापूर्वी तिचा पॅटर्न (नमुना) घडवावा लागतो, आणि पुलीसारख्या वर्तुळाकार वस्तूचे कडे पुष्कळदा तुकडे जोडून करतात. बारा तुकड्यांच्या कड्यात प्रत्येक टोक १५ अंशांत कापावे लागते. प्रत्येक कापात त्याच बाजूस अर्ध्या अंशाची कसूर राहिली, तर चोवीस कापांत ती १२ अंशांची होते व शेवटचा सांधा जुळत नाही. असे आखूड तुकडे उघड्या फटीपाशी धरून कापणे धोक्याचे आहे, हे प्रत्येक उमेदवारास आरंभीच शिकविले पाहिजे.

फळीसाठी १८ मिमी. जाडीचे सपाट प्लायवूड पसंत करावे. महाबळेश्वर-पाटणकडील पावसाळी दमट हवेत अखंड लाकूड फुगते आणि जत-आटपाडीच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसून वाकते. पाते पूर्ण खाली आणले असता मोटार वा गार्ड अडणार नाही, इतकीच तिची उंची ठेवावी. यंत्राचा प्लग काढल्यावर मूळ फेन्समधील छिद्रांतून मागील बाजूने स्क्रू बसवितात. ते पात्याच्या मार्गापासून दूर असावेत व त्यांची टोके दर्शनी बाजूस निघू नयेत. फळी मेजाशी काटकोनात आहे की नाही हे गुण्या लावून पाहावे आणि अंतर राहिल्यास मागे कागदाची घडी सरकवावी. खालची कड रंध्याने किंचित उतरती केली म्हणजे भुसा साचून तुकडा फेन्सपासून दूर सरत नाही.

यानंतर प्लग पुन्हा जोडून पाते पूर्ण वेगात आणून सावकाश खाली उतरविले की फळीत पात्याच्याच रुंदीची खाच पडते. कोन बदलला की खाच रुंदावते व आधार नाहीसा होतो, म्हणून निरनिराळ्या कोनांसाठी स्वतंत्र फळ्या ठेवतात. पाते कलते करून कापावयाचे असल्यास उंच फळी आधी उतरवून ठेवणे आवश्यक आहे.