औत पाठीमागे गेले तेव्हा

मुळशी तालुक्यात वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी लवासा हे नियोजित शहर या शतकाच्या आरंभी उभे राहू लागले. तालुक्यातील डोंगरउतारांवर मात्र भातशेतीची जुनी मांडणी आहे: पायऱ्यांसारखी एकाखाली एक खाचरे आणि त्यांना धरून ठेवणारे बांध. अशा अरुंद खाचरात लहान ट्रॅक्टरलाही वळायला जागा पुरत नाही. तो वारंवार मागे घ्यावा लागतो. मागे बांध असतो, बांधापलीकडे उतार, आणि कधी बांधावर मुलेही असतात. तेव्हा चालकाला मागचे किती दिसते, हा जिवाचाच प्रश्न होतो. तो मुळात निर्माण कसा झाला, हे आपण पाहू.

बैलांच्या औताला हा प्रश्न नव्हता. नांगरणारा माणूस रुमणे धरून औतामागून चालतो. बैल, जू, फाळ, सारे त्याच्या डोळ्यांपुढे असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. लाकडी नांगराच्या जागी लोखंडी आला, परंतु माणसाची जागा तीच राहिली.

ट्रॅक्टरने ही जागा बदलली. माणूस पुढे बसला आणि औत त्याच्या पाठीमागे गेले. यातील अडचण काही रचनाकारांना लवकरच जाणवली. अमेरिकेतील मोलाइन कंपनीने १९१५ नंतर विकलेल्या ‘युनिव्हर्सल’ ट्रॅक्टरमध्ये इंजिन व मोठी चाके पुढे होती आणि चालक मागे, औतावर बसे. बैलांमागून चालणाऱ्या शेतकऱ्याप्रमाणे त्याला सगळे काम समोर दिसे. पण फोर्डसनसारख्या स्वस्त ट्रॅक्टरांपुढे हे यंत्र टिकले नाही.

पुढे हॅरी फर्ग्युसन यांची तीन बिंदूंची जोडणी आली. १९३९ सालच्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरमुळे तिचा मोठा प्रसार झाला. त्यापूर्वी औत ट्रॅक्टरमागून ओढले जाई व मागे घेताना वेडेवाकडे वळे. आता ते ट्रॅक्टरलाच जोडले गेले आणि उचलताही येऊ लागले. त्यामुळे ट्रॅक्टर औतासह कोपऱ्यापर्यंत मागे नेणे सोपे झाले. म्हणजेच मागे जाणे सोपे झाले आणि मागे पाहण्याची गरज वाढली. १९६३ साली महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्यातून आपल्याकडे ट्रॅक्टरनिर्मितीची कंपनी स्थापन झाली. माणूस पुढे व औत मागे, हीच मांडणी येथेही रूढ झाली.

मागचे दिसावे म्हणून आरसा लावणे ही कल्पना जुनीच आहे. १९११ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत रे हॅरून एकटाच गाडीत बसला. इतर गाड्यांत मागे लक्ष ठेवायला एक मेकॅनिक असे. हॅरूनने त्याऐवजी आरसा लावला आणि शर्यत जिंकली. बहिर्वक्र आरशात सपाट आरशापेक्षा अधिक क्षेत्र दिसते. मात्र प्रतिमा लहान असल्याने वस्तू आहे त्यापेक्षा दूर भासते.

शिवाय आरसा दृष्टीची दिशा बदलतो, आड आलेली वस्तू दूर करत नाही. समजा, चालकाचा डोळा जमिनीपासून १.८ मीटर उंच आहे आणि त्याच्या मागे १.५ मीटरवर उचललेल्या औताची कड १.२ मीटर उंचीवर आहे. समरूप त्रिकोणांच्या नियमाने, त्या कडेवरून जाणारी दृष्टिरेषा डोळ्यापासून ४.५ मीटर अंतरावर जमिनीला टेकते. ९० सेंटिमीटर उंचीचे मूल औताच्या लगेच मागे, म्हणजे २.२५ मीटरच्या आत उभे असेल, तर चालकाला त्याच्या डोक्याचा केसही दिसणार नाही.

यावर खरा उपाय म्हणजे डोळाच मागे नेणे. मागे बसवलेला कॅमेरा तेच करतो. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या मोटारींना कॅमेरा, तर भारतात जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागील अडथळा ओळखणारे संवेदक सक्तीचे झाले. हे नियम शेतीच्या ट्रॅक्टरसाठी नव्हते. कॅमेरा बसवला तरी चिखलणीच्या दिवसांत त्याची काच पुसावीच लागते. पॉवर टिलरने माणसाला पुन्हा यंत्रामागे चालवले खरे, पण मागे घेताना ते त्याच्याच पायांवर येते.

गावात ट्रॅक्टर असेल, तर शिक्षकांनी एक प्रयोग करावा. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. एका विद्यार्थ्याला चालकाच्या जागी बसवून, दुसऱ्याने जमिनीवर ठेवलेला चेंडू त्याला कोठे दिसेनासा होतो, तेथे चुन्याने खुणा कराव्यात. खुणा जोडल्या की मागचे न दिसणारे क्षेत्र वर्गासमोर येते. मागे उभे राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणाऱ्याने त्या रेषेबाहेर, बाजूला आणि चालकाच्या नजरेत उभे राहायचे. तो दिसेनासा झाला की चालकाने ट्रॅक्टर थांबवायचा. एवढा नियम मुलांनी घरी नेला, तरी भूमितीचा तो तास सार्थकी लागेल.