जुने गोवे : मार्गदर्शकासह नगरपरिक्रमा

जुने गोवे : पूर्वेकडील पोर्तुगीज साम्राज्याची तीन शतकांहून अधिक काळ राजधानी असलेले, तिसवाडी तालुक्यात मांडवीच्या दक्षिण तीरावर, पणजीच्या पूर्वेस सुमारे ९ किमी. अंतरावरील नगर. त्याचे वाडे, बाजार आणि रस्ते बहुतांशी नामशेष झाले असून चर्चे, मठ व काही कमानी तेवढ्या उभ्या आहेत. १९८६ साली त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. या वास्तूंना परस्परांशी जोडणारे नगरच हरपल्यामुळे एकट्याने हिंडणाऱ्यास येथे विखुरलेली चर्चे दिसतात, राजधानी दिसत नाही. ती दिसावी म्हणून जाणत्या मार्गदर्शकासह पायी, सावकाश केलेली परिक्रमा हीच या स्थळाच्या दर्शनाची योग्य रीत होय.

इतिहास : मूळच्या एला गावी आदिलशाही अमलात भरभराटीस आलेले हे बंदर आफोन्सो द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी जिंकले आणि १५३० साली राजधानी कोचीनहून येथे आली. नदीवरील धक्क्यापासून निघणाऱ्या ‘रुआ दिरैता’ या हमरस्त्यावर जवाहीर, रेशीम व घोडे यांच्याबरोबर गुलाम माणसांचेही लिलाव होत, हे या वैभवाचे वर्णन करताना विसरता कामा नये. तसेच १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प खंड वगळता, धर्मन्यायासन (इन्क्विझिशन) येथूनच चालले. पुढे साथींच्या रोगांनी वस्ती पांगली, १७५९ साली व्हाइसरॉयने आपले वास्तव्य पणजीस हलविले, १८३५ साली धर्मसंघ बरखास्त झाले आणि १८४३ च्या राजाज्ञेने पणजीस राजधानीचा दर्जा मिळाला.

डिचोली महाल १७८१ साली व पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली आले, तेव्हा व्हाइसरॉयने हे नगर सोडून बराच काळ लोटला होता. त्यामुळे नंतर अमलात आलेल्या या ‘नव्या काबिजादी’तील मराठी माणसाच्या स्मरणात जुने गोवे कारभाराचे ठाणे म्हणून नव्हे, तर ज्याच्या धाकाने देव नदीपार न्यावे लागले ते नगर म्हणून राहिले. बारदेशातील म्हापशाची शांतादुर्गा साखळीमार्गे पेडण्यातील धारगळास गेली. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर डिचोलीतील नार्व्यास गेला.

परिक्रमेचा क्रम : आरंभ नदीकाठच्या व्हाइसरॉयच्या कमानीपासून करावा, कारण नवा व्हाइसरॉय याच दारातून नगरात प्रवेश करी. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने ती उभारली. आजची बांधणी १९५४ च्या जीर्णोद्धाराची आहे. तेथून थोड्याच अंतरावर, रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर बांधलेल्या सेंट कॅजेटन चर्चनजीक, आदिलशहाच्या वाड्याचा काळ्या दगडाचा एकटा दरवाजा उभा आहे. पुढे ज्यात व्हाइसरॉय राहिले त्या वाड्याचे एवढेच शेष. मार्गदर्शकाने येथे थांबून दारामागच्या रिकाम्या जागेत वाडा उभा करून दाखवावा. त्याच्या विद्येची पहिली कसोटी हीच.

पुढे १५६२ साली आरंभलेले से कॅथीड्रल लागते; त्याचा एक मनोरा १७७६ साली कोसळला, तर उरलेल्या मनोऱ्यात ‘सुवर्णघंटा’ आहे. शेजारी असिसीच्या सेंट फ्रान्सिसचे चर्च असून त्याच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. रस्त्यापलीकडे १६०५ साली प्रतिष्ठापित झालेले, उघड्या जांभ्या चिऱ्यांचे बॉम जीझस बासिलिका. येथे ‘गोंयचो सायब’ फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष, तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठविलेल्या संगमरवरी समाधीवरील रौप्यपेटीत ठेवले आहेत. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांचे सैन्य जवळच्या जुवे बेटावर उतरले, तेव्हा व्हाइसरॉय आल्व्होरच्या काउंटने झेवियरांच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवून नगराच्या रक्षणाची प्रार्थना केली.

शेवटी चढण चढून पवित्र टेकडीवर जावे. सेंट ऑगस्टिनच्या भग्न चर्चचा सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा हे या नगराच्या ऱ्हासाचे सर्वांत बोलके चिन्ह होय. १८४२ साली चर्चची कमानदार छपरे ढासळली. याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केटेव्हान हिच्या अस्थी सापडल्या व २०२१ साली त्या भारताने जॉर्जियास अर्पण केल्या.

रीत व मर्यादा : मार्गदर्शक परवानाधारक असावा व मोबदला आधी ठरवावा. उन्हापूर्वी, सकाळीच निघावे. बासिलिकात नित्य उपासना चालते. म्हणून खांदे व गुडघे झाकणारा पोशाख असावा, प्रार्थनेच्या वेळी निरूपण थांबवावे. ३ डिसेंबरच्या झेवियरांच्या फेस्तास व त्याआधीच्या नोव्हेनांस फार गर्दी होते. तेव्हा अभ्यासकाने दुसरा दिवस निवडावा. एकाच कुटुंबासाठी वा दोघा-तिघांसाठी योजलेल्या परिक्रमेचा खरा लाभ असा की, प्रश्नासाठी थांबता येते आणि उत्तर जेथे घडले तेथेच ते ऐकता येते.

परतीर : ही परिक्रमा टेकडीवर संपविणे म्हणजे ग्रंथ अर्ध्यात मिटणे होय. धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जावे. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याचे स्थान येथील नार्व्यात होते. पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर लिंग पलीकडे डिचोलीच्या मुलखात नेण्यात आले, तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला व तसा शिलालेख तेथे आहे. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून पुन्हा फेरीबोटीत बसून तेथे उतरणाऱ्यास कळते की, या गावाचेही नाव नार्वेच आहे : लोकांनी देव नेला, आणि त्याच्याबरोबर गावाचे नावही नदीपार नेले.