मलम आणि मलमपट्टी

पावसाळ्यात लोहगडाच्या पायऱ्या उतरताना एकदाही घसरला नाही असा माणूस विरळा. समजा, तुम्ही घसरलात, गुडघा फुटला आणि लंगडत लंगडत पायथ्याच्या लोहगडवाडीत पोचलात. तिथे कोणीतरी तुम्हाला ओट्यावर बसवील, तांब्याभर पाणी गुडघ्यावर ओतील, माती, खडे सगळे धुऊन काढील आणि मग बांधावरचा दगडी पाला तळहातावर चोळून त्याचा हिरवा रस जखमेत पिळील. झोंबतो म्हणजे काय विचारता! पण तुमच्या तोंडाकडे पाहून शेजारचा पोरगा वर म्हणणार, "मलम न्हाई आमच्यात, पर ह्यो पाला मलमाच्या वरताण हाय."

आपल्याला वाटते, शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनीही असाच पाला चोळला असेल. चित्र मोठे छान आहे, पण खरे नाही. हा दगडी पाला, ज्याला एकदांडी किंवा कंबरमोडीही म्हणतात, तो मूळचा अमेरिका खंडातला. आपल्याकडे तो पाहुणा म्हणून आला आणि इतका रुळला की मावळातल्या पोरांना तो आजोबांच्या आजोबांपासूनचा वाटतो.

आणि त्या पोराच्या तोंडचा 'मलम' हा शब्द? तोही पाहुणाच!

फारसीत आणि अरबीत हा शब्द 'मर्हम' असा आहे. हिंदीत त्याचा 'मरहम' झाला, 'मलहम' झाला, आणि मराठीने तो आणखी घासूनपुसून 'मलम' केला. अरबांनी ग्रीकांचे वैद्यक मोठ्या आवडीने आपल्या भाषेत नेले, त्या वाटेने हा शब्द गेला असावा असे विद्वान मानतात. ग्रीक भाषेत 'मालाग्मा' म्हणजे मऊ करणारा लेप. ग्रीकांकडून अरबांकडे, अरबांकडून इराणात आणि तिथून सुलतानांच्या फौजांबरोबर दख्खनमध्ये, असा हा प्रवास. पुढे आपल्या वैद्यांनी गंमत केली. या परक्या शब्दाला त्यांनी संस्कृत मुंज घातली आणि त्याचे 'मलहर' असे नाव ठेवले. मलहर म्हणजे मळ हरण करणारा. सदानंद शर्मांच्या 'रसतरंगिणी' या विसाव्या शतकातल्या ग्रंथात हा मलहर थेट औषधकल्पनांच्या पंक्तीला बसलेला आहे. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या दृष्टीने खोटी खरी. पण वैद्याच्या दृष्टीने ती किती नेमकी आहे ते पुढे पाहू.

आपल्या मराठीतली दुखापतीची भाषा जरा कान देऊन ऐका. 'घाव' आपला, 'लेप' आपला, 'पट्टी' आपली. पण 'जखम' फारसी आणि 'इलाज', 'दवा', 'हकीम' अरबी. म्हणजे स्वयंपाकघरात विळीने बोट कापले तर हळद, तूप, लेप हे घरचे शब्द, आणि रणात तलवार लागली तर जखम, इलाज, मलम हे छावणीचे शब्द. पुढे इंग्रज आले, त्यांनी 'पोटीस' दिले. ते आपण इतके आपलेसे केले की गळवावर जवसाचे पोटीस बांधणाऱ्या आजीला ते इंग्रजी आहे असे सांगितले असते तर तिने आपल्यालाच वेड्यात काढले असते.

शब्द बाहेरचा आला, म्हणून वस्तूही बाहेरची आली असे मात्र समजू नका. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. साठ! लेपांचेच प्रलेप, प्रदेह, आलेप असे भेद त्याने केले. शंभर वेळा पाण्याने धुतलेले तूप, म्हणजे शतधौत घृत, हे आपले जुने भाजण्यावरचे औषध. आणि राळेचे मलम तर परवापरवापर्यंत घरोघर होत असे. तेल तापवायचे, त्यात मेण विरघळवायचे, राळेची पूड टाकायची, गाळून घ्यायचे आणि मग ते पाण्यात घालून इतके फेटायचे, इतके धुवायचे, की लोण्यासारखा पांढरा गोळा वर यावा. भाताच्या खाचरात दिवसदिवस उभे राहून पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, टाचांना भेगा पडलेल्या मावळातल्या बायांना या पांढऱ्या गोळ्याचे मोल विचारावे.

सुश्रुताच्या साठ उपक्रमांतले दोन आपल्याला आज हवे आहेत: शोधन आणि रोपण. शोधन म्हणजे जखम साफ करणे. पू, सडलेले मांस, आत राहिलेले शल्य बाहेर काढणे. रोपण म्हणजे भरून आणणे. आता यातली मेख अशी की रोपणाचे औषध शुद्ध व्रणालाच लावायचे. व्रण दुष्ट असताना वरून रोपण केले तर तोंड मिटते आणि घाण आत राहते. मलहर म्हणजे मळ हरण करणारा, ही खोटी व्युत्पत्ती करणाऱ्या पंडिताला वैद्यकातले हे मर्म पक्के ठाऊक होते, असे मला वाटते.

याचा एक नमुना आपल्या पुण्यातच घडला, आणि तो साऱ्या जगाने पाहिला. गोष्ट आहे १७९० च्या दशकातली. सवाई माधवरावांची कारकीर्द, कारभार नाना फडणविसांच्या हाती. लोहगडही तेव्हा नानांच्याच ताब्यात होता. गडावरच्या बावीत शके १७११ चा, म्हणजे इ. स. १७८९ चा, त्यांच्या नावाचा लेख आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत मराठे आणि इंग्रज एका बाजूला होते. इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. इंग्रजांनी त्याचे नाव कावसजी असे लिहून ठेवले आहे. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिले. नाक का कापतात हे मराठी माणसाला सांगायला नको. हात गेला तर माणूस थोटा होतो. पण नाक गेले तर? आपल्या भाषेत 'नाक कापले' या दोन शब्दांत सगळे आले.

कावसजी वर्षभर तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. हा कारागीर वैद्य नव्हता, हकीम नव्हता. इंग्रजांनी त्याची जात विटा पाडणाऱ्यांची अशी नोंदवली आहे. त्याचे नाव मात्र कोणी टिपले नाही. क्रुसो नावाच्या इंग्रज डॉक्टरने आणि त्याच्या एका सहकाऱ्याने ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली, आणि तिचे वर्णन लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ च्या ऑक्टोबरात छापून आले. सोबत कावसजीचे चित्रही होते. ते जेम्स वेल्सच्या हातचे. नाना फडणविसांची जी तसबीर आपण पुस्तकांत पाहतो, तीही याच वेल्सची.

आता ती कृती नीट वाचा. आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन त्याचे नाक घडवायचे. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्याभोवती रेघ मारायची आणि तेवढे कातडे सोडवायचे. फक्त दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहते. पुढची पायरी महत्त्वाची. नाकाच्या खुंटावरची जखम वर्षापूर्वीच भरली होती, तिच्यावर कातडी धरली होती. कारागिराने ती भरलेली कड कापून टाकली. म्हणजे बरी झालेली जखम पुन्हा ओली केली! मगच कपाळाचे कातडे पीळ देऊन खाली वळवले आणि त्या ओल्या कडेला जुळवले. सांधा धरून ठेवायला काय? काताचा लेप. आपण पानात खातो तोच खैराचा कात. पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर पसरायचा, आणि अशा पाचसहा पट्ट्या एकीवर एक बसवायच्या. चार दिवस दुसरे काही नाही. मग त्या काढून तुपात बुडवलेल्या पट्ट्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापायची. झाले नाक!

मेण, कात आणि तूप. पुण्याच्या कुठल्याही वाण्याकडे मिळणाऱ्या या तीन वस्तू. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने हे वर्णन वाचून धीर केला तो १८१४ साली, आणि दोन वर्षांनी त्यावर पुस्तक लिहिले. युरोपातल्या डॉक्टरांनी नाक बसवण्याची ही पद्धत उचलली ती तिथून. पण मला त्या सगळ्यात कावसजीचा तो एक क्षण आठवत राहतो. भरलेली जखम कोणी पुन्हा कापायला घेतली तर आपण काय म्हणू? झाले गेले कशाला उकरता, असेच ना?

इथे आपण शब्दाच्या दुसऱ्या अर्थाशी येतो. मलम शरीरावरून मनावर केव्हा आले, सांगता येत नाही. पण तिथे त्याचे दोन संसार आहेत. गोड शब्दांचे मलम, काळाचे मलम, हा एक. दुःखावर फुंकर घालणे ही त्याची जवळची नातलग, जखमेवर मीठ चोळणे ही भांडखोर सवत. दुसरा संसार 'मलमपट्टी'चा. या शब्दाला आज चांगला अर्थ जवळजवळ उरलेला नाही. वरवरची मलमपट्टी, तात्पुरती मलमपट्टी, असेच आपण म्हणतो. सभेत, अग्रलेखात, चावडीवर, सगळीकडे मलमपट्टी म्हणजे धूळफेक. बिचाऱ्या औषधांचे नशीबच असे असते म्हणा. काटा रुतला, टाच दुखावली की गावोगाव बिब्बा कामी येतो, आणि भाषेत मात्र 'बिब्बा घालणे' म्हणजे कामाचा विचका करणे! पण बिब्बा निदान चटका देतो. मलमाने कोणाचे काय केले होते?

माझ्या मते मलमाचा काही दोष नाही. शोधन केल्यावाचून रोपण करणाऱ्यांनी त्याला बदनाम केले. आपल्याकडे एक म्हण आहे: रोग रेड्याला आणि औषध पखालीला. औषध खरेच असते, ते लावणाराही असतो, फक्त जागा चुकते.

जागा चुकली नाही असे एक उदाहरण सभासदाच्या बखरीत आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने ती जिंजीस राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखान पडला, प्रतापगडाखाली त्याची फौज मोडली. त्यानंतर महाराजांनी काय केले, ते तो सांगतो. पडलेल्यांना पुत्र असतील तर त्यांना चाकरीत घेतले. पुत्र नसेल तिथे बायकोला निम्मे वेतन लावून दिले. आणि जखमींना, जखम किती आहे ते पाहून, पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन दिले. जखम पाहून, या गोष्टीला माझ्या लेखी फार किंमत आहे. सरसकट मूठमूठ वाटली नाही. कोणीतरी बसून प्रत्येकाची पट्टी सोडली असेल, हात किती तुटला, डोळा राहिला की गेला, हे पाहिले असेल. होनाने हात परत येत नाही, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही माहीत होते. पण आपली जखम कोणी मोजली, ती कागदावर चढली, हे त्या माणसाला घरी जाऊन सांगता आले असेल. ही मलमपट्टीच, पण तिला कोण नावे ठेवील?

आता पुन्हा लोहगडावर चला. विंचूकाट्याकडे जाताना खाली दक्षिणेला पवनेचे पाणी पसरलेले दिसते. पर्यटक तिथे थांबून फोटो काढतात. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यांत लोहगड आहे, त्यामुळे गर्दी आणखी वाढली. देखावा सुंदर आहे यात वाद नाही. पण त्या पाण्याखाली पवन मावळातली भातखाचरे आहेत. १९७० च्या दशकात धरण उभे राहिले, शेतकरी उठले, मोबदला ठरला, आणि पुनर्वसनाचा प्रश्न पुढे पन्नास वर्षे रेंगाळला. बापाचा अर्ज मुलाने चालवायचा, मुलाचा नातवाने. याच धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तिघे जण मरण पावले. त्यांत एक बाई होती.

'मोबदला' हाही शब्द मलमासारखाच अरबी घरातला, फारसीच्या वाटेने आलेला. त्याचा मूळ अर्थ अदलाबदल. एक दिले, एक घेतले. त्यात बरे करण्याची गोष्ट कुठेच नाही. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावी असे पवन मावळातला म्हातारा शेतकरी म्हणतो, तेव्हा तो मलम मागत नसतो, मोबदलाच मागत असतो, अगदी कोशातल्या अर्थाने. हिशेब आधी मांडा, मग काय फुंकर घालायची ती घाला, असे त्याचे म्हणणे. आपण मात्र त्याला मलम देऊ करतो आणि तो घेत नाही म्हणून त्याला हेकट ठरवतो. सभा भरते, हार घातले जातात, आश्वासन मिळते, आणि घरी परतताना तो शेजाऱ्याला एवढेच म्हणतो, "बरं बोलला गड्या, पर खडा आतच ऱ्हायला."

लोहगडवाडीच्या ओट्यावर तुमचा गुडघा धुताना त्यांनी पाल्याची घाई केली नव्हती, हे तुमच्या ध्यानात आले असेल. पाण्याचा दुसरा तांब्या ओतला, बोटाने चाचपून पाहिले, मग एक बारीक खडा निघाला. तो दाखवला तुम्हाला. पाला त्यानंतर.