दहा वर्षांचं मूल स्वतःचं बँक खातं स्वतः चालवू शकतं, नियम काय आहे?

पाहुणे निघताना हातात पन्नास-शंभरची नोट ठेवायचे. आपण ती नीट बघेपर्यंत आईचा आवाज यायचा, "दे इकडे, ठेवून देते." पुढे त्या नोटेचं काय झालं, हे आजवर कुणालाच कळलेलं नाही.

गंमत सोडली तर यातून मूल एक गोष्ट शिकतं. साठवलेले पैसे आपले राहत नाहीत, त्यापेक्षा हातात आले की खर्च केलेले बरे. बचतीची सवय लावायची असेल, तर आधी हीच समजूत मोडावी लागते.

सुरुवात गल्ल्यापासून

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी गल्ला उत्तम. काचेची बरणी वापरली तर पैसे वाढताना दिसतातही. फक्त पैसे कशासाठी साठवायचे, हे आधी ठरवा.

समजा, ४०० रुपयांची बॅट घ्यायची आहे आणि आठवड्याला २० रुपये मिळतात. म्हणजे २० आठवडे लागतील. हे गणित मुलालाच करू द्या. मध्येच त्याने १०० रुपये उडवले तर ओरडू नका आणि ते भरूनही देऊ नका. बॅट पाच आठवडे लांबली, एवढा धडा पुरेसा आहे.

दहाव्या वर्षानंतर काय?

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ रोजी अल्पवयीन मुलांच्या खात्यांबद्दल सुधारित सूचना काढल्या. त्यानुसार कोणत्याही वयाच्या मुलाचं खातं पालकांमार्फत उघडता येतं, आणि पालक म्हणून आईही चालते. मूल किमान १० वर्षांचं असेल, तर बँक त्याला बचत किंवा मुदत ठेव खातं स्वतः उघडू आणि चालवू देऊ शकते. किती रकमेपर्यंत, हे प्रत्येक बँक ठरवते. एटीएम कार्ड, चेकबुक, नेट बँकिंग द्यायचं की नाही, हेही बँकेवर आहे. खात्यात असतील त्यापेक्षा जास्त पैसे मात्र काढता येत नाहीत.

पोस्टातही १० वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता येतं. त्यासाठी किमान ५०० रुपये लागतात आणि व्याज वर्षाला ४ टक्के आहे. म्हणजे १,००० रुपये वर्षभर ठेवले तर ४० रुपये. रक्कम छोटी आहे, पण व्याज म्हणजे काय हे पासबुकातल्या त्या एका नोंदीतून कळतं.

पालकांनी हे लक्षात ठेवा

- पिन आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवा.
- मुलाच्या खात्यातलं व्याज सहसा आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरलं जातं.
- मूल १८ वर्षांचं झालं की बँकेत नव्याने सही द्यावी लागते.

आणि महिनाअखेरीस घरात चणचण असेल तर? मुलाचे पैसे घ्यायला हरकत नाही, पण त्याला विचारून घ्या, वहीत लिहून ठेवा आणि ठरल्या तारखेला परत करा. "ठेवून देते" म्हटलेले पैसे खरंच परत मिळतात, हे एकदा दिसलं की पुढची नोट मूल स्वतःहून जपून ठेवतं.