खोड सांगावी कोणी?

जनावरांच्या बाजारात बैल पारखण्याची जी रीत वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिच्यात घेणाऱ्याने जबडा उघडून दात मोजायचे, आदत की दोनदाती, चौदाती की जुळलेला हे ठरवायचे, खुरे आणि खांदा चाचपायचा, चार पावले चालवून लंगडतो की काय ते न्याहाळायचे, आणि एवढे झाल्यावर हेड्याने, म्हणजे जनावरांच्या दलालाने, उपरण्याखाली बोटे धरून भाव कळवायचा, असा क्रम होता. परंतु बैल मारका आहे काय, किंवा भर औतात जू टाकून बसतो काय, हे दातांवरून कळत नाही. ते ज्याने त्याला वर्षभर राबविले त्यालाच ठाऊक असते. विक्रेत्याला ज्ञात आणि ग्राहकाला अज्ञात अशी ही जी खोड, ती सांगण्याचे दायित्व कोणाचे, हा प्रश्न आज वरुडात संत्र्याच्या पैशावर घेतल्या जाणाऱ्या जुन्या, किमती मोटारींच्या व्यवहारातही जसाच्या तसा उभा आहे, आणि त्याचे उत्तर मिळण्यास या देशात फार काळ लागला.

ज्या कायद्याने आपले सौदे आजही बांधलेले आहेत, त्या 1872 च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमात कपटाची व्याख्या करताना एका घोड्याचे उदाहरण दिले आहे. घोडा सदोष आहे हे मालकास माहीत आहे, तो घोडा लिलावात विकताना दोषाविषयी अवाक्षर काढीत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. त्याच कलमाखाली आणखी एक उदाहरण आहे, आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. ग्राहक विचारतो, तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन. आणि मालक गप्प राहतो. अशा वेळी त्याचे मौन हे बोलण्यासारखेच धरले जाते. म्हणजे न विचारणाऱ्याला कायद्याचे संरक्षण नाही, विचारणाऱ्याला मात्र आहे. 1930 च्या वस्तुविक्रय कायद्यानेही, काही अपवाद सोडले तर, मालाच्या प्रतीची जोखीम ग्राहकाच्याच माथी ठेवली.

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेल्या वरुडास रेल्वे आली ती अगदी अलीकडे, नरखेड-बडनेरा मार्ग झाल्यावर. तोवर माणसांची आणि मालाची सारी भिस्त सडकेवर होती, आणि म्हणून मोटार ही येथे चैनीच्या आधी गरज होती. आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांत बागेचा पैसा महिन्याच्या पगारासारखा थेंबाथेंबाने न येता व्यापाऱ्याशी सौदा पटला म्हणजे एकरकमी हाती येतो, आणि एकरकमी आलेला पैसा मोठ्या वस्तूकडे वळतो, हे बागाईतदारांच्या मुलखात राहिलेल्याला समजावून सांगावे लागत नाही.

परंतु किमती मोटार घ्यायची म्हटले तरी ती मिळण्याचा मार्ग पुष्कळ काळ अरुंद होता. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर निर्बंध आले, आणि परकीय वकिलातींनी वापरून टाकलेल्या गाड्या राज्य व्यापार महामंडळामार्फत निविदा मागवून विकल्या जात. म्हणजे भारतीय ग्राहकाच्या हाती आलेली त्या काळातील आलिशान मोटार बहुधा आरंभापासूनच दुसऱ्या हाताची असे. 1991 नंतर आर्थिक धोरण बदलले, 1994 साली मर्सिडीझ-बेंझ कंपनी पुण्यात आली, पुढे तेव्हाच्या औरंगाबादेजवळ शेंद्र्यास स्कोडाच्या आणि मागाहून ऑडीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. 2010 च्या ऑक्टोबरात त्याच औरंगाबादेतील मंडळींनी एकजुटीने दीडशे मर्सिडीझ गाड्या एकाच वेळी खरेदी केल्या, ही वार्ता देशभर गाजली.

अशा गाड्या पहिल्या मालकाकडे चार-पाच वर्षे राहतात आणि मग खाली उतरू लागतात, मोठ्या शहरातून जिल्ह्याच्या गावी आणि तेथून तालुक्याला. त्यात 2015 साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना मनाई केली आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ज्या गाड्यांना राजधानीत जागा उरली नाही, त्या ना-हरकत दाखला घेऊन परराज्यांच्या वाटेला लागल्या. दिल्ली पासिंगची गाडी एमएच 27 च्या, म्हणजे अमरावतीच्या, नोंदवहीत चढते तेव्हा रंग चकचकीत असतो, कातडी आसने सुस्थितीत असतात, आणि किंमत नव्या लहान गाडीहून अधिक नसते.

खोड असते ती आत. बीएमडब्ल्यूच्या 2007 नंतरच्या एका डिझेल इंजिनात, ज्यास जाणकार एन 47 म्हणतात, टायमिंगची साखळी पुढच्या अंगास नसून गिअरबॉक्सच्या बाजूस, मागे बसविलेली आहे. ती सैल पडू लागली की सकाळी थंड इंजिन सुरू करताना मागून खुळखुळ ऐकू येते, पुढे ती तुटली तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. आणि ती बदलायची म्हणजे इंजिन खाली उतरवावे लागते. म्हणून गाडी पाहावयाची ती विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेली नव्हे. मर्सिडीझच्या हवेवर तोललेल्या गाड्यांत रात्रभर उभी राहिल्यावर एखादा कोपरा खाली बसलेला दिसतो. हे दोष खर्चिक आहेत, पण निदान डोळ्यांना आणि कानांना ते कळतात.

ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचा दोष तसा कळत नाही. पिशवी फुगविण्यासाठी तिच्यात अमोनियम नायट्रेट वापरले होते. उष्णता आणि दमटपणा यांच्या वर्षानुवर्षांच्या आवर्तनांनी ते बिघडते, आणि अपघाताच्या क्षणी धातूची डबीच, म्हणजे इन्फ्लेटर, फुटून तिचे तुकडे चालकाच्या अंगात घुसतात. जगभरात दहा कोटींच्या आसपास इन्फ्लेटर परत मागवावे लागले, 2017 साली कंपनीचे दिवाळे निघाले. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या आणि जूनपासून भिजणाऱ्या आमच्या मुलखात अशी डबी स्टिअरिंगमध्ये घेऊन कोणी हिंडत असेल, तर वरुडातील कितीही अनुभवी मिस्त्री ती वरून पाहून ओळखू शकणार नाही. कारखानदाराने सांगितल्याखेरीज ही खोड कळण्याचा मार्गच नाही, आणि जुना दंडक मोडण्याचे खरे कारण हेच आहे.

अमेरिकेने 1966 सालीच कायदा करून सदोष मोटारींचे दायित्व कारखानदारावर टाकले. आपल्याकडे 2012 साली उत्पादकांच्या संघटनेने सदोष गाड्या परत बोलावण्यासाठी स्वेच्छेची आचारसंहिता केली. 2015 साली फोक्सवॅगन समूहाने उत्सर्जनाच्या प्रकरणी ऑडी आणि स्कोडा धरून 3,23,700 गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले तेव्हाही पाठीशी सक्तीचा कायदा नव्हता. तो आला 2019 च्या दुरुस्तीने, मोटार वाहन कायद्यात 110 अ हे कलम घालून. आणि त्याखालील नियम 1 एप्रिल 2021 पासून अंमलात आले.

परंतु हे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांपुरते आहेत. ज्या वयात किमती गाडी वरुडास येते, त्याच वयात कायद्याचा हात तिच्यावरून निघतो. ताकाताचे उदाहरण समोर असताना, जो दोष वयाबरोबरच वाढतो त्याला वयाची मर्यादा घालणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय कंपनीचे पत्र जाते ते तिच्या दप्तरी असलेल्या मालकास. तिसऱ्या मालकाचा पत्ता तेथे नसतो. अधिकृत केंद्र काटोलमार्गे नागपुरास, आणि तेथील खर्चाच्या धास्तीने गाडी बहुधा तिकडे जातच नाही, वास्तविक परत बोलावलेल्या गाडीची ती दुरुस्ती कंपनी आपल्या खर्चाने करून देते.

तेव्हा बागेचा पैसा हाती आल्यावर अशी गाडी पाहावयास जाणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की, इसार देण्यापूर्वी आरसी बुकावरील सतरा अक्षरांचा चेसिस नंबर उतरवून घ्यावा, तो कंपनीच्या केंद्रात कळवून या गाडीवर कोणते रिकॉल निघाले आणि त्यांतील कोणते काम राहिले हे विचारावे, आणि विक्रेत्यालाही तोच प्रश्न लेखी घालावा. आणि शासनाकडे मागणी ही की, मालकी बदलाचा अर्ज परिवहन कार्यालयात दाखल होताना राहिलेल्या रिकॉलची नोंद नव्या मालकास दाखविणे सक्तीचे करावे, आणि सात वर्षांची मर्यादा रद्द करावी.