मोटार की मोटारसायकल?

श्रोतेहो, चार चाकांची मोटार जास्त वेगवान की दोन चाकांची मोटारसायकल, असा प्रश्न पोरे शिक्षकांना हमखास विचारतात. उत्तर सोपे वाटते: विक्रमांचे आकडे पहा, म्हणजे झाले! पण हेच आकडे आपल्याला कसे चकवतात, ते आज पाहू.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामध्ये आयल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात वेगाला ताशी 20 मैलांची मर्यादा होती आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करता येत नसे. बेटाची संसद मात्र स्वतंत्र. तिने 1904 साली कायदा करून रस्ते मोकळे करून दिले. आधी आल्या मोटारी. मोटारसायकलींची टुरिस्ट ट्रॉफी शर्यत 1907 साली सुरू झाली. पहिल्या वर्षी चार्ली कॉलियर ताशी सुमारे 61 किलोमीटरच्या सरासरीने जिंकला. 1911 पासून ती डोंगरावरच्या लांब मार्गावर होऊ लागली. फेरी सुमारे 60.7 किलोमीटरची, गावांतून, दगडी कुंपणांना खेटून जाणारी. 1957 साली बॉब मॅकिन्टायरने तिथे ताशी शंभर मैलांचा उंबरठा ओलांडला. मोटारींची टुरिस्ट ट्रॉफी मात्र 1922 नंतर या बेटावर झाली नाही.

आता आकडे पहा. 2023 साली पीटर हिकमनने मोटारसायकलवर ही फेरी 16 मिनिटे 36 सेकंदांत पुरी केली, म्हणजे ताशी 219 किलोमीटर. मोटारीचा विक्रम मार्क हिगिन्सचा, 2016 सालचा: 17 मिनिटे 35 सेकंद. म्हणजे मोटारसायकल जिंकली, असेच ना?

थांबा. जर्मनीत चला. नुर्बुर्गरिंगची जुनी उत्तर फेरी 1927 साली सुरू झाली. लांबी सुमारे 20.8 किलोमीटर. तिथे 1983 साली स्टेफान बेलोफने मोटारीने 6 मिनिटे 11 सेकंद घेतले. दहा वर्षांनी, 1993 साली, हेल्मुट डेनेला मोटारसायकलवर 7 मिनिटे 49 सेकंद लागले. पुढे 2018 साली टिमो बर्नहार्डने मोटारीने 5 मिनिटे 19 सेकंदांत फेरी मारली. इथे मोटार जिंकली!

हे कसे? एक कारण यंत्राचे. मोटारसायकल हलकी, साधारण दोनशे किलोची. त्यामुळे वेग चटकन घेते, पण जोराने ब्रेक लावला की मागचे चाक उचलू लागते आणि वळणावर सारा भार दोन हातपंजांएवढ्या रबरावर येतो. मोटारीला चार रुंद टायर असतात. शिवाय शर्यतीच्या मोटारीवर उलट्या पंखासारखी रचना असते. वारा तिला रस्त्यावर दाबून धरतो आणि वळण वेगात घेता येते.

पण दुसरे कारण महत्त्वाचे, बरे का! बेलोफची गाडी खास शर्यतीसाठी घडवलेली होती. डेनेची मोटारसायकल रस्त्यावर चालवण्याच्या जातीची. बेटावर हिगिन्सची सुबारू ही रस्त्यावरच्या जातीच्या मोटारीवरून तयार केलेली. बेलोफच्या तोडीची शर्यतीची मोटार त्या डोंगरी फेरीवर विक्रमासाठी कधी उतरलीच नाही. मातीतल्या मल्लाला गादीवरच्या मल्लाशी तोलायचे, पण दोघांना एका आखाड्यात उतरवायचेच नाही, असा हा प्रकार.

आणि उतरवायचे तरी कशाला? 1911 पासून त्या डोंगरी रस्त्यावर अडीचशेहून अधिक स्वारांचे प्राण गेले. बेटाची शर्यत 1976 नंतर जागतिक अजिंक्यपदाच्या यादीतून गेली. त्याच वर्षी नुर्बुर्गरिंगला निकी लाउडा आगीत भाजला आणि ग्रां प्रीच्या मोटारींनी ती फेरी सोडली. नवे विक्रम कोठे होतील आणि कोठे होणार नाहीत, हेही अशा अपघातांनीच ठरवले आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे आकडे फळ्यावर लिहून मुलांकडून सरासरी वेग काढून घ्या. उत्तर आले की एवढेच विचारा: या दोघांना सारखी संधी मिळाली होती का? मोटार मोठी की मोटारसायकल, यापेक्षा हा प्रश्न मुलांना आयुष्यभर उपयोगी पडेल.